‘प्रोजेक्टवर’ लागलेल्या मुलांचा पगार

आपल्या वस्त्यांमधून हल्ली एक नवीच बातमी कानावर येते. पूर्वी कळायचे की अमक्याचा पोरगा रेल्वेत लागला, तमक्याचा ऑर्डनन्स फॅक्टरीत लागला, कोणी शाळेवर मास्तर झाला. आता कळते की एम. एस्सी. झालेली मुलगी ‘प्रोजेक्टवर लागली’. इंदोरा, पाचपावली, रामबाग, कामठी, कुठेही जा, असे एखादे घर सापडते. आई आनंदाने शेजारी पेढा देते. शेजारीण विचारते, “पर्मनंट हाय का?” वडील विचारतात, “पगार किती भेटते?” हे दोन्ही प्रश्न अगदी साधे आहेत. पण मुलीलाच त्यांची उत्तरे नीट ठाऊक नसतात. ‘सर म्हणाले, सध्या एवढे मिळतील, पुढे पाहू’ एवढेच ती सांगते.

वाचक बंधू-भगिनींनो, आज आम्ही याच दोन प्रश्नांवर लिहीत आहोत. कारण हा पगार सरांच्या मर्जीवर ठरत नाही. तो लेखी नियमाने ठरतो. किती द्यायचा, घरभाडे किती, रजा कोणती, मुदत किती, हे सारे शासनाच्या कागदावर आहे. हा कागद ज्या घरात आजवर कोणी वाचला नाही, त्या घरातल्या मुलांचे नुकसान होते. म्हणून तो आपण वाचायला शिकले पाहिजे.

प्रकल्प म्हणजे काय?

आपले नागपूर संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे, तसे ते संशोधन संस्थांचेही शहर आहे. येथील नीरी ही संस्था १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या संशोधनासाठी सुरू झाली आणि १९७४ साली तिला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था हे नाव मिळाले. १९७६ पासून येथे केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. लिंबूवर्गीय फळांवर काम करणारी केंद्रीय संस्था आहे, मातीचे सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था आहे, विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. १९२३ साली स्थापन झालेले आपले नागपूर विद्यापीठ तर आहेच. जानेवारी २०२३ मध्ये इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन याच विद्यापीठात भरले होते.

या संस्थांत कायम शास्त्रज्ञ आणि प्राध्यापक असतात. पण नदीचे पाणी बाटलीत भरून आणणे, शेतातली माती चाळणे, यंत्रावर रात्री उशिरापर्यंत नमुने तपासणे, आकडे नोंदवणे ही कामे बहुतेक तरुण मुले-मुली करतात. त्यांतील बरीचशी कायम नोकरीत नसतात. ती ‘प्रकल्पावर’ असतात.

प्रकल्प चालतो तो असा. एखादा प्राध्यापक एखाद्या विषयावर काम करण्याचा प्रस्ताव लिहून अनुदान देणाऱ्या संस्थेकडे पाठवतो. केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, जैवतंत्रज्ञान विभाग, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, भारतीय कृषी संशोधन परिषद, समाजशास्त्रांसाठी भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद अशा या संस्था आहेत. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन ही नवी संस्था उभी राहिली आणि पूर्वीच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाचे काम तिच्याकडे आले. प्रस्ताव मान्य झाला की मंजुरी आदेश निघतो. त्या आदेशात पैशाचे वेगवेगळे रकाने असतात : यंत्रसामग्री, रसायने, प्रवास, किरकोळ खर्च, संस्थेचा वरखर्च आणि मनुष्यबळ. हा शेवटचा रकाना म्हणजे आपल्या मुलांचा पगार. मनुष्यबळाचे पैसे मनुष्यबळावरच खर्च व्हायचे असतात. सरांना वाटले म्हणून त्यातून यंत्र घेता येत नाही.

ज्या कायम प्राध्यापकाच्या नावावर प्रकल्प असतो, त्याला आपल्याकडे सर्वसाधारणपणे त्या प्रकल्पातून वेगळा पगार मिळत नाही. त्याचा पगार महाविद्यालय किंवा विद्यापीठ देते. अमेरिकेत निराळी रीत आहे. तेथील पुष्कळ प्राध्यापकांना विद्यापीठ वर्षातून नऊ महिन्यांचा पगार देते आणि उन्हाळ्याचा पगार ते अनुदानातून घेऊ शकतात. पण त्यालाही बंधन आहे. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान आपल्या अनुदानांतून एका प्राध्यापकाला साधारणपणे वर्षाला दोन महिन्यांपेक्षा अधिक पगार घेऊ देत नाही. आरोग्य संशोधनाच्या अनुदानांत तर पगाराची कमाल मर्यादाच कायद्याने घातली आहे. २०२५ साली ती वर्षाला २,२५,७०० डॉलर होती. सांगायचे एवढेच की, जनतेच्या पैशातून संशोधन होते तेव्हा कोणाला किती द्यायचे हे कोणत्याही देशात कागदावर ठरवावे लागते. आपल्याकडेही ते ठरलेले आहे.

दर काय आहेत?

विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने जून २०२३ मध्ये एक आदेश काढला. तो १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. त्यानुसार ज्युनिअर रिसर्च फेलोला महिना ३७,००० रुपये. दोन वर्षे काम झाल्यावर आढावा घेतला जातो आणि तो समाधानकारक ठरला तर सीनिअर रिसर्च फेलो म्हणून ४२,००० रुपये. पीएच. डी. झालेल्यांसाठी रिसर्च असोसिएटच्या तीन पायऱ्या आहेत : ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० रुपये. यानंतर नवा आदेश निघाला आहे का, हे नेमणुकीच्या वेळी विचारून घ्यावे.

याशिवाय ‘प्रोजेक्ट असोसिएट’ नावाच्या जागा असतात. नीरीसारख्या संस्थांच्या जाहिरातींत हे नाव पुष्कळदा दिसते. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पहिल्या पायरीच्या प्रोजेक्ट असोसिएटला दोन दर आहेत. नेट किंवा गेटसारखी राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण असेल तर ३७,००० रुपये, नसेल तर ३०,००० रुपये. पदवी तीच, काम तेच, पण महिन्याला ७,००० रुपयांचा फरक. वर्षाला हा फरक ८४,००० रुपये होतो. तीन वर्षांच्या प्रकल्पात अडीच लाखांच्या वर जातो. एवढ्या पैशात धाकट्या बहिणीचे शिक्षण होऊ शकते.

आमच्या पुष्कळ मुलांचा असा समज आहे की नेटमध्ये जेआरएफ मिळाले तरच त्याचा उपयोग. तसे नाही. ज्यांना नेटमध्ये केवळ अध्यापनाची पात्रता मिळाली, तेही प्रकल्पातील ज्युनिअर रिसर्च फेलोच्या जागेसाठी पात्र धरले जातात. तेव्हा ‘जेआरएफ हुकले, आता नेटचा काय फायदा’ असे म्हणून प्रमाणपत्र पेटीत टाकून देऊ नका. मुलाखतीला जाताना ते सोबत न्या.

या रकमेवर घरभाडे भत्ता वेगळा असतो. केंद्र शासनाने घरभाड्यासाठी शहरांचे तीन वर्ग केले आहेत. मुंबई-पुणे वरच्या म्हणजे एक्स वर्गात आहेत, नागपूर मधल्या वाय वर्गात. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर जानेवारी २०२४ पासून केंद्राचे घरभाड्याचे दर अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाले. २० टक्क्यांच्या हिशेबाने ३७,००० वर ७,४०० रुपये होतात, ३०,००० वर ६,००० रुपये. संस्थेच्या वसतिगृहात खोली मिळाली तर हा भत्ता मिळत नाही. आपल्या पत्रात कोणता दर लावला आहे, की घरभाड्याचा उल्लेखच नाही, हे पाहावे. ‘एकूण इतके’ असा एकच आकडा लिहिला असेल, तर त्यात घरभाडे धरले आहे का ते विचारावे.

हे दर आपोआप वाढत गेले असे कोणी समजू नये. २०१० साली ज्युनिअर रिसर्च फेलोला १६,००० रुपये मिळत होते. २०१४ मध्ये ते २५,००० झाले, २०१९ मध्ये ३१,००० आणि २०२३ मध्ये ३७,०००. म्हणजे दर वाढायला चार-पाच वर्षे लागतात. मधल्या काळात तेल, डाळ, खोलीचे भाडे थांबत नाही आणि कायम नोकरदाराला दर सहा महिन्यांनी वाढणारा महागाई भत्ता या मुलांना मिळत नाही. २०१४ ची वाढ असो की २०१९ ची, देशभरातील संशोधक विद्यार्थी रस्त्यावर आले, निवेदने दिली, दिल्लीत मोर्चे काढले, तेव्हा सरकार हलले. शिका, संघटित व्हा हा मंत्र प्रयोगशाळेतही लागू पडतो.

काय मिळत नाही?

नियमात काय आहे इतकेच महत्त्वाचे आहे काय नाही ते. ही रक्कम ठोक असते. वार्षिक वेतनवाढ नाही, महागाई भत्ता नाही, बोनस नाही, प्रवास सवलत नाही. ज्युनिअर आणि सीनिअर फेलोंना निवृत्तिवेतनाचे लाभ नाहीत, रजा फक्त किरकोळ रजा. औषधपाण्याची सोय ज्या संस्थेत काम चालते तेथील नियमाप्रमाणे.

मात्र मुलींनी आणि सुनांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रसूती रजा केंद्र शासनाच्या सूचनांप्रमाणे सर्व प्रकारच्या फेलोंना मिळते. ‘तू तर प्रोजेक्टवर आहेस, तुला कसली रजा’ असे कोणी म्हटले तर ते नियमाला धरून नाही. लग्न झाले, बाळ होणार आहे, म्हणून राजीनामा लिहून देण्याआधी आदेश काढून वाचावा.

पैसा उशिरा का येतो?

आता सर्वात दुखऱ्या गोष्टीकडे येऊ. पगार ३७,००० आहे असे कागद सांगतो. पण तो दर महिन्याच्या एक तारखेला हाती पडेल असे नाही. काही वेळा तीन महिने, काही वेळा त्याहूनही अधिक काळ काहीच येत नाही आणि मग एकदम थकबाकी येते.

याचे कारण पैशाच्या वाटेत आहे. अनुदान एकदम मिळत नाही, हप्त्याने येते. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपले की संस्थेला खर्चाचा हिशेब तयार करावा लागतो. याला उपयोगिता प्रमाणपत्र म्हणतात. ते ठरलेल्या नमुन्यात भरून, सह्या होऊन, मंजुरी देणाऱ्या कार्यालयात जाते. तेथे तपासले जाते आणि मगच पुढचा हप्ता सुटतो. कुठे एका सहीला महिना लागतो, कुठे हिशेबात चूक निघून कागद परत येतो. शिवाय गेल्या काही वर्षांत केंद्राने पैसा संस्थांच्या खात्यात आधीपासून पडून राहू नये म्हणून तो लागेल तसा सोडण्याची पद्धत आणली आहे. सरकारच्या दृष्टीने ती हिशेबी आहे, पण संस्थेजवळ हाताशी शिल्लक नसली की खालच्याचा पगार अडतो. पूर्वी काही संस्था आपल्या खात्यातून उसने देऊन मुलांचा पगार चालू ठेवीत. आजही काही ठेवतात, पण सगळीकडे तसे होत नाही. मधेच दर वाढला तरी चालू प्रकल्पाच्या मंजुरीत जुनीच रक्कम असते. वाढीव रक्कम मागून घ्यावी लागते आणि ती येईपर्यंत जुना दर चालतो.

उशीर सर्वांनाच होतो, हे खरे. पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्या घरी वडिलांचे पेन्शन आहे, स्वतःचे पक्के घर आहे, तेथील मुलगा सहा महिने थांबू शकतो. तो म्हणतो, येतील केव्हातरी. पण जेथे आई चार घरची धुणीभांडी करते, बाप रिक्षा चालवतो किंवा रोजीने बांधकामावर जातो, तेथे एम. एस्सी. झालेल्या मुलाने सहा महिने रिकाम्या हाताने घरी यायचे कसे? खोलीचे भाडे द्यायचे कोठून? बचत गटाचा हप्ता भरायचा कोणी? मग तो संशोधन सोडून कोचिंग क्लासवर शिकवायला जातो किंवा औषध कंपनीचा माल विकायला जातो. हुशारी कमी पडली म्हणून तो मागे येत नाही, हातात चार महिन्यांचा खर्च नव्हता म्हणून मागे येतो. नियम सर्वांना सारखा आहे, पण उशिराची चाळणी गरिबालाच खाली पाडते. आमचे म्हणणे आहे ते हेच.

बदली कामगार आणि प्रकल्प

ज्यांच्या घरी कोणी एम्प्रेस मिलमध्ये होते, त्यांना बदली कामगार कोण हे सांगायला नको. फाटकाशी उभे राहायचे, कायम कामगार आला नाही तर आत जायचे. प्रकल्पावरचा संशोधक शिकलेला असतो, पांढरा कोट घालतो, पण कायमपणाच्या बाबतीत तो त्या बदली कामगाराचाच भाऊ आहे. प्रकल्पाची मुदत बहुधा तीन वर्षांची. प्रकल्प संपला की जागा संपली. नेमणूक पत्रात लिहिलेले असते की, या नेमणुकीमुळे संस्थेत कायम नोकरीचा कोणताही हक्क निर्माण होत नाही.

न्यायालयाचे दार उघडे आहे काय? २००६ साली उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की तात्पुरते किंवा कंत्राटी काम केल्याने कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो विरुद्ध भारत सरकार या खटल्यात त्याच न्यायालयाने केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात वर्षानुवर्षे सफाई आणि बागकाम करणाऱ्यांना कायम करण्याचा आदेश दिला आणि उमादेवी निकालाची ढाल करून सरकारने गरिबांना राबवून घेऊ नये, असा इशारा दिला. त्या निकालाने कष्टकऱ्यांना बळ दिले. पण तो नेहमीच्या, कायम स्वरूपाच्या कामाविषयी होता. तीन वर्षांच्या प्रकल्पात लागलेल्या मुलाने त्यावर भरवसा ठेवून बसू नये.

आरक्षणाचेही तसेच आहे. केंद्र सरकारच्या ४५ दिवस किंवा त्याहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांत आरक्षण द्यावे अशी सूचना आहे. ती नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा काढली गेली आणि २०२३ साली केंद्राने सर्वोच्च न्यायालयातही तसे सांगितले. प्रकल्पात मात्र जागा एक किंवा दोन निघतात आणि तेथे आरक्षणाचा हिशेब बसणे कठीण जाते. वयाची सवलत मात्र अनेक जाहिरातींत असते, अनुसूचित जातींच्या उमेदवारांना बहुधा पाच वर्षांची. वय उलटले असे समजून अर्जच न करणे ही चूक करू नका.

बाबासाहेबांचीही मुदत संपली होती

मुदतीने अर्धवट राहिलेले संशोधन काय असते, हे आपल्याला बाबासाहेबांच्या आयुष्यातून चांगले कळते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. हा लेखी करार होता आणि त्यावर त्यांनी सही केली होती. कोलंबिया विद्यापीठातले काम आटोपून १९१६ साली ते लंडनला गेले. तेथे अभ्यास रंगात आला असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना प्रबंध अर्धा टाकून परतावे लागले.

पण येण्यापूर्वी त्यांनी एक काम करून ठेवले. अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा येण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. मग १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात महिना ४५० रुपयांवर प्राध्यापकी केली, काटकसरीने पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. त्यांनी मिळवली. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ याच कामातून झाला.

यातून आमच्या मुलांनी व्यवहाराची गोष्ट घ्यावी. पैसा थांबला तरी नाव नोंदलेले असले तर काम पुन्हा उभे करता येते. म्हणून प्रकल्पावर लागल्यावर पहिल्याच वर्षी पीएच. डी. साठी नोंदणी करण्याचा प्रयत्न करावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच. डी. ला किमान तीन वर्षे लागतात आणि कमाल सहा वर्षे मिळतात. प्रकल्प तीन वर्षांत संपतो. नोंदणीला एक वर्ष उशीर केला तर प्रबंध अर्ध्यावर असताना पैसा संपणार, हे गणित आधीच मांडून ठेवावे. ‘आधी प्रोजेक्टचे काम करू, नोंदणी नंतर पाहू’ म्हणणाऱ्या मुलाजवळ तीन वर्षांनी अनुभवाचा दाखला उरतो, पदवी नाही.

स्वतःच्या नावाची शिष्यवृत्ती

प्रकल्पाचा पगार आणि शिष्यवृत्ती यांत फरक आहे. प्रकल्पातली जागा प्रकल्पाची असते. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाची असते. ती घेऊन तो आपला विषय निवडू शकतो, आणि मार्गदर्शकाशी अजिबात जमले नाही तर नियमाप्रमाणे बदलही मागू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची फेलोशिप पाच वर्षांपर्यंत चालते. अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप, जी २००५-०६ पासून राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली होती, तिचेही दर आयोगाच्या दरांशी जोडलेले आहेत. आपल्या राज्यात बार्टीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती आहे. एका वेळी एकाच ठिकाणचा पैसा घेता येतो, दोन्ही नाही.

याही वाटेवर काटे आहेत. २०२३ साली बार्टीच्या ८६१ संशोधकांना अधिछात्रवृत्ती मिळावी म्हणून मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरावे लागले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला बार्टी, सारथी आणि महाज्योतीची मिळून चाळणी परीक्षा झाली. तिची प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट परीक्षेचीच निघाली. १० जानेवारी २०२४ ला परीक्षा पुन्हा ठेवली, तर प्रश्नपत्रिकांच्या सीलवरून वाद झाला आणि आपल्या नागपुरातही मुलांनी बहिष्कार टाकला. ही मुले कोणाकडे दान मागत नव्हती. जाहीर झालेल्या नियमाची अंमलबजावणी मागत होती.

काही देशांत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. जर्मनीत अनुदानित प्रकल्पावर पीएच. डी. करणाऱ्या अनेकांना सार्वजनिक सेवेच्या वेतनश्रेणीतला अर्धा किंवा त्याहून अधिक हिस्सा मिळतो, आणि आरोग्य विमा व निवृत्तीचा हिस्साही त्यासोबत येतो. तेथे ही मुदतीचीच नोकरी असते, पण नोकरी म्हणून मोजली जाते. आपल्याकडील संशोधक धड विद्यार्थीही नाही आणि धड नोकरदारही नाही. हा प्रश्न संघटनेनेच पुढे न्यावा लागेल.

पत्र हाती आले की

तोवर आपल्या हाती काय आहे? नेमणूक पत्र घरी आले की पेढे वाटण्याआधी घरातल्या सर्वांनी बसून ते वाचावे. पुढील गोष्टी त्यात शोधाव्यात.

पहिली, अनुदान कोणाचे आहे आणि मंजुरी आदेशाचा क्रमांक काय. दुसरी, पदाचे नाव नेमके काय. ज्युनिअर रिसर्च फेलो, प्रोजेक्ट असोसिएट की आणखी काही. नावावरून दर ठरतो. तिसरी, मासिक रक्कम आणि घरभाडे वेगवेगळे लिहिले आहे काय. चौथी, मुदत किती, प्रकल्प सुरू होऊन किती दिवस झाले. तीन वर्षांच्या प्रकल्पात दोन वर्षे उलटल्यावर लागणाऱ्याला एकच वर्ष मिळते. पाचवी, सोडायचे झाले तर किती दिवसांची सूचना द्यायची. सहावी, पीएच. डी. नोंदणीची मुभा आहे काय. यांतील एखादी गोष्ट पत्रात नसेल तर नम्रपणे, पण लेखी विचारावी. तोंडी उत्तर पुढे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

रक्कम नियमापेक्षा कमी दिसली तर आधी संस्थेच्या हिशेब विभागात विचारावे. संस्था शासकीय किंवा अनुदानित असेल तर माहितीच्या अधिकाराखाली मंजुरी आदेशाची प्रत मागता येते. केंद्राच्या संस्थांत अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. भांडण न करता हक्क समजून घेण्याचा हा मार्ग आहे.

आणि पालकांनो, पहिला पगार आला की त्यातील थोडा भाग बाजूला ठेवा. पोरगी कमावती झाली म्हणून लगेच गाडीचा हप्ता किंवा लग्नाचा खर्च तिच्या पगारावर लादू नका. तीन-चार महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम तिच्या नावाने जमली की उशिराचा धक्का तिला सोसता येईल आणि ती संशोधन सोडून परत येणार नाही.

शेवटी आमची एक विनंती त्यांना आहे, जे आपल्यातून या संस्थांमध्ये आधीच पोहोचले आहेत, कायम झाले आहेत किंवा पीएच. डी. करून स्थिरावले आहेत. महिन्यातून एका रविवारी आपल्या वस्तीच्या विहारात तासभर बसा. नव्याने लागलेल्या मुलांची नेमणूक पत्रे त्यांच्यासोबत वाचा, जाहिराती समजावून सांगा, नेटचा अर्ज भरायला मदत करा. तुम्हाला जे चार वर्षांत धडपडत कळले, ते त्यांना तासाभरात कळेल.